मुळं उघडी ठेवायची

नाशिक, ४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं त्राण नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही इथे राहून देवळ्याला परत गेलात आणि माझ्या माशांच्या टाकीतली अनुबियास वनस्पती कुजली. आल्यासारखं आडवं खोड असतं तिचं. ते लाकडाला दोऱ्याने बांधून उघडंच ठेवायचं असतं, पुरलं की सडतं. तुम्ही सगळी सोडवून रेतीत खोचलीत. इतक्या वर्षांत जेमतेम वीतभर झाली होती. अंबडहून कंपनीतून आल्यावर मी तिच्यासमोरच काय ती निवांत बसते.

असो. आई गेल्यापासून तुम्ही एकटे, आणि दर रविवारी देवळ्याची खेप आता माझ्याने होत नाही. घर बंद करा आणि कायमचे इकडे या. खोलीत कॉट, कपाट सगळं लावून ठेवलंय.

रागावलेली, तरी तुमचीच,
साधना

देवळा, ११ ऑगस्ट

चि. साधनास,
अ. उ. आ.

मुळं उघडी दिसली आणि जीव राहीना. जन्मभर कांद्याचं रोप अंगठ्याने दाबून लावलं, हात आपोआप खाली गेला. वाटलं, पोर खूश होईल. एखादा तुकडा जगला असेल तर पाठव, मी सांभाळतो.

कायमचं येण्याचं मात्र काढू नकोस. त्या कॉटवर मला गुदमरायला होतं. वेळेवर जेवत जा, पत्रात आवाज बारीक वाटतो.

तुझा अपराधी,
अण्णा

नाशिक, १८ ऑगस्ट

ती. अण्णांस,
शि. सा. न.

अनुबियासचा दोन पानांचा तुकडा जगलाय. शेजारचा शेखर देवळ्याला सासुरवाडीला निघालाय, त्याच्याबरोबर ओल्या कागदात गुंडाळून पाठवतेय. बरणीत पाण्यात ठेवा. ऊन नको, युरिया तर मुळीच नको. पान यायला फार वेळ लागतो, रोज उपसून बघू नका.

येण्याबद्दल आता विचारत नाही. भांडायलाही अंगात काही लागतं. या रविवारी येत नाही, झोपणार आहे.

माया पातळ करू नका,
साधना

देवळा, २० ऑक्टोबर

चि. साधनास,
अ. उ. आ.

तुकडा दगडाला बांधला, तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याने. शेजारची कुसाबाई सगळ्यांना सांगत सुटली, की म्हाताऱ्याने कांदा सोडला आन् पाण्याची राखण धरली. बरेच दिवस काहीच होईना. मातीत दाबावंसं लय वाटलं, पण हात मांडीखाली घालून बसलो. परवा पान आलं, नखाएवढं. बघितलं तर दोरा ढिला पडलाय, मुळांनीच दगड धरलाय.

बाई, तूही मला रेतीत खोचत होतीस. तुझी दमणूक मला कळते, आणि इथे एकट्याने जेवण जात नाही, हेही खरं. रविवारी बरणी मांडीवर घेऊन एसटीने येतो. घर बंद करायचं नाही, किल्ली माझ्या खिशात राहील. कॉट काढून टाक, मी खाली अंथरीन. कायमचा का, ते विचारू नकोस.

सैल बांध. धरलं तर राहीन.

तुझा,
अण्णा