पाहुण्यांसमोर धरलेला फोन

आई, तू असतीस तर त्या रविवारी पडवीत बसलेल्या पाहुण्यांसमोर माझ्या बाजूनं बोलली असतीस की अण्णांच्या? आठवडाभर मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. तोवर आपलं बोलणं अभ्यास, भांडी, डोक्यातल्या उवा आणि उन्हात हिंडू नको, एवढ्यावरच असायचं. मोठ्या झालेल्या मुलीशी तू कशी बोलली असतीस, हे मला कधी ऐकायलाच मिळालं नाही.

मी आता हॉलंडमध्ये असते. पिण्याच्या पाण्याचं शिकायला आले आहे. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि त्यानंतर पुढं शिकायचं म्हटल्यावर अण्णा म्हणाले होते, "धरण हितं उशाला, आन् पाणी शिकायला समुद्रापल्याड." उशाला धरण असून उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना टँकर का लागतो तेच शिकायचंय, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "त्ये तर मी हितं बसून सांगतो." तरी त्यांनी जाऊ दिलं. पौडच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीशी उभे राहिले आणि गाडी हलेपर्यंत एवढंच बोलले, "फोन करत जा."

फोन मी करत गेले. पहिले काही महिने अण्णांकडं बटणांचाच फोन होता, म्हणून मी एका स्वस्तातल्या ॲपवरून लावायचे. आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि माझं प्रत्येक वाक्य अण्णांना दोनदा ऐकू जायचं. "मधी कोन बया बोलतीया?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. मीच आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग दोनदा कशाला बोलतीस, येकदा ऐकलं की मी." जेवलीस का, थंडी हाय का, बरं ठेवतो, इतकंच बोलणं व्हायचं. पण ते बहुतेक वेळा शेतावर एकटे असायचे. एकदा ठेवता ठेवता म्हणाले, "म्हस दिली इकून. गोठ्याकडं जाऊ वाटंना." त्यांनी मला इतकं आतलं कधीच सांगितलं नव्हतं, घरात एका ताटाशी बसून जेवत होतो तेव्हाही नाही.

मग काकीच्या मुलानं, माझ्या चुलत भावानं, त्यांना टच फोन घेऊन दिला आणि आमचं बोलणं फुकट झालं. फुकट झाल्यापासून ते बंदच पडलंय. घरात रेंज पडवीच्या एका खांबापाशीच येते, त्यामुळं फोन तिथंच खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत असतो. मी फोन केला की काकी येते, शेजारची आजी येते, रस्त्यानं जाणारा वाकून बघतो आणि "लई गोरी झाली गं" म्हणून पुढं जातो. सगळ्यांना दर्शन देऊन झालं की फोन कशाला तरी टेकवून मंडळी आपापल्या कामाला लागतात. मला नुसता छपराचा पत्रा दिसतो. "अण्णा, ठेवू का?" असं मी विचारते, तर लांबून आवाज येतो, "ऱ्हाऊ दे की, पैसं कुटं पडत्यात." अशी अर्धी दुपार मी आपल्या घराचा पत्रा बघत भाजी चिरली आहे. तुम्ही एकटे आहात का, असं विचारायचीही सोय नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "येकटा कसा आसंन, सगळी हायेत हितं. बोल."

मला अशा वेळी लवळ्याच्या कॉलेजचं ते कँटीन आठवतं. तू तिथं विद्यार्थ्यांसाठी चपात्या लाटायचीस आणि सुट्टीच्या दिवशी मला सोबत न्यायचीस. मी पिठाच्या डब्यामागं बसलेली असते. एक परदेशी मुलगी, तू तिला नुसतं 'लांबची' म्हणायचीस, कोपऱ्यातल्या टेबलाशी येते, परदेशी फोन लावायचं एक कार्ड नाण्यानं खरवडते, त्यावरचा लांबलचक आकडा बघून बघून फोनवर दाबते आणि आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलता बोलता रडायला लागते. मी तोंड वासून बघतेय. तू लाटणं तसंच हातात धरून माझ्याकडं येतेस आणि दबक्या आवाजात म्हणतेस, "घरच्यांशी बोलतीया ती. तोंड फिरीव तिकडं." मी म्हणते, मला कुठं तिची भाषा कळतेय. तू म्हणतेस, "तिला बी ठावं हाय तुला कळत न्हाई. तरीबी फिरीव." मी तोंड फिरवते. तिचं बोलणं संपल्यावर तू तिच्या ताटात न मागता एक गरम चपाती टाकतेस आणि काही झालंच नाही अशी परत पोळपाटाशी जातेस.

त्या रविवारी कुणीच तोंड फिरवलं नाही. मी डोक्याला तेल लावून, कोपरावर विरलेला स्वेटर घालून कांदा चिरत होते. फोन वाजला. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर नवी टोपी. "कुठं लग्नाला निघालात का?" मी विचारलं. "न्हाई. पावनं आल्यात. जरा बोल त्यांच्याशी." एवढं सांगून त्यांनी फोन फिरवला. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पोह्याच्या बश्या घेतलेले एक गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि मान खाली घातलेला एक मुलगा. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तोवर गृहस्थांनी सुरुवात केली होती. "शिक्शान किती राहिलंय, बाळ?" मी सांगितलं. "सयपाक येतो का?" यावर काकी मागून म्हणाली, "दिसंना व्हय तुमास्नी, कांदाच चिरतीया की," आणि सगळे हसले. मग त्या बाई म्हणाल्या, "बसल्याली हाय, उंचीचा आंदाज येईना." अण्णा म्हणाले, "उभी ऱ्हा गं जरा."

आणि आई, मी उभी राहिले. फोन डब्याला टेकवला, मागं सरकले आणि हातात कांद्याची सुरी घेऊन उभी राहिले. ज्या मुलीनं कॉलेजात बायकांच्या हक्कावर भाषणं करून बक्षिसं मिळवली, ती मुलगी. मग मला शुद्ध आली. हे काय चाललंय, मला कुणी विचारलं का, असं मी बोलायला सुरुवात केली आणि नेमकं तेव्हाच चित्रासकट आवाजही अडकला. मी इकडं तावातावानं बोलत होते. तिकडं, नंतर त्या चुलत भावाकडून कळलं, पडद्यावर माझा चेहरा तसाच थांबलेला होता, डोळे खाली, ओठ मिटलेले. त्या बाई म्हणाल्या म्हणे, "पोरगी शांत हाय हो. येवडी शिकल्याली, पर तोंड वर करत न्हाई." स्थळ पसंत पडलं ते तिथं.

दुसऱ्या दिवशी काकी पडवीतून ओरडून सांगत होती की साखरपुडाही फोनवरच उरकू, तिकिटाचा खर्च कशाला. मी अण्णांना द्या म्हटलं, तर अण्णांच्या मागं चारजण. "मला बोलायचंय," मी म्हटलं. "बोल की." "सगळ्यांसमोर नाही." आजी म्हणाली, "लाजतीया," आणि पुन्हा हशा.

शेतावर जाताना अण्णा अजून बटणांचाच फोन नेतात, पडला तरी फुटत नाही म्हणून. त्यावर मी जुन्या ॲपवरून फोन लावला. ते बांधावर होते. मी म्हटलं, "अण्णा, मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत."

"विचारलं न्हाई कसं? तू समोर हुतीस."

"मी फोनवर होते."

"मग त्येच की. समोर हुतीस. उभी ऱ्हा म्हनलं, उभी राह्यलीस. मला वाटलं, पोरगी मानतीया. म्या जबान दिली."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी मी खरंच पडवीत होते. मी चिडून बरंच बोलले, शेवटी म्हटलं की तुम्ही नाही म्हणणार नसाल तर मी स्वतः त्यांना सांगेन. ते म्हणाले, "तुझी आई आसती तर आसं बोलली नसतीस." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी तुला शोधते आहे. तू एकदा भाकरी थापताना सांगितलं होतंस, "मला बगाया आले तवा मी श्यान काढत हुते. हात धुतलं, चालून दावलं, झालं." सांगताना तू हसत होतीस की नाही, तेवढंच मला आठवत नाही. आठवलं असतं तर सगळं उत्तर मिळालं असतं.

तू असतीस तरी हे लिहून तुला पाठवण्यात अर्थ नव्हता. तुला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणजे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि तेही पडवीत, सगळ्यांदेखत. एक गोष्ट मात्र फक्त तुलाच सांगते. त्या मुलाचा चेहरा मला अजिबात आठवत नाही. त्याच्यामागं स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि तुझी चूल होती तिथं आता गुळगुळीत फरशीचा ओटा होता. चूल काढल्याचं इतक्या फोनांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पूर्ण वेळ तिकडंच बघत होते. उभी राहिले तीसुद्धा, खरं सांगायचं तर, उभं राहून आतलं जास्त दिसेल असं वाटलं म्हणून.

भावाकडून नंबर घेऊन काल दुपारी मी त्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, "काका, अण्णांना दोष देऊ नका. नाही मी म्हणते आहे." त्यांनी विचारलं, "वडलांना ठावं हाय का?" मी म्हटलं, "हो, त्यांना आधी सांगितलं."