वरच्या खोलीतली येरझार

३ नोव्हेंबर २०२५, लातूर

एकदाची आले. निवृत्तीनंतर नांदेडचं घर रिकामं करताना वाटलं होतं, रडू येईल. पण शहर मागे पडलं आणि मी चक्क गुणगुणायला लागले. स्टँडवर रेवणसिद्ध उभा. माझा धाकटा भाऊ, आडतीवर हमालांवर डाफरणारा मोठा व्यापारी, पण मला बघून ‘अक्का’ म्हणत बॅग अशी हिसकावली, जशी लहानपणी मी त्याचं दप्तर हिसकावायची.

दारात भावजयीनं, महादेवीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाली, आता जायचं नाव काढायचं न्हाई. किती वाळली आहे ती! जेवायला वाढते, पण स्वतः दोन घासांत उठते.

मला वरची खोली दिली आहे. ती वीरेशची, त्यांच्या मुलाची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, बारावीत होता, मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होता. दवाखान्यात जागा मिळेना म्हणून याच खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर लावला होता. दुसरा येईपर्यंत पहिला संपला. रस्ते बंद होते, मला येता आलं नाही. भिंतीवर अजून त्याच्या अक्षरातले केमिस्ट्रीचे कागद आहेत. इतकं गोल, नीटस अक्षर! आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. उदबत्ती लावली आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली छोटी प्रार्थनाही म्हटली. शंकराला राग यायचा नाही.

खिडकीसमोर गोदाम, पत्र्यावर पारवे. पलीकडे डाळमिल. दिवसभर घरघर असते, तिचीही सवय होईल. मी इथे सुखात राहणार.

११ नोव्हेंबर

दुपारी विचित्र झालं. जेवणाची सुट्टी संपल्याचा मिलचा भोंगा झाला आणि डाव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई घुसवून फिरवावी तसं दुखायला लागलं. मला डोकेदुखी नवी नाही. शाळेत पेपर तपासताना अर्धशिशी व्हायची, तेव्हा पडदे ओढून निजलं की उतार पडायचा. हे तसं नाही. निजले तर दुप्पट झालं. बसवेना. खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिले, तळहात डोळ्यावर दाबून. तासाभरानं जसं आलं तसं गेलं, मागे काही न ठेवता. आरशात पाहिलं तर डावा डोळा लाल, पाण्यानं भरलेला, पापणी लोंबलेली, डावी नाकपुडी वाहते आहे. उजवी बाजू अगदी ठणठणीत. एका चेहऱ्यावर दोन बायका.

१५ नोव्हेंबर

रोज येतं. रोज भोंग्याच्याच सुमाराला. रेवणसिद्धनं दाताच्या डॉक्टरकडे नेलं, दाढ काढून टाकली. महादेवी म्हणाली, अक्का, आता गुपित सांगताना तोंडातनं हवा सुटंल बरं. पुष्कळ दिवसांनी ती हसली म्हणून मीही हसले.

दाढेचा काही दोष नव्हता. दुपारी पुन्हा आलं.

१९ नोव्हेंबर

आज कपाळ भिंतीवर आपटलं. मी, जिला वर्गातला बाक सरकलेला खपायचा नाही! थांबलं तेव्हा दार उघडलं, तर महादेवी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. काय हवं, विचारलं, तर नुसती हसली. थोड्या वेळानं दूध वर आलं, चॉकलेटची पावडर घातलेलं. मी दूध पीत नाही, हे तिला ठाऊक आहे.

एक बरं आहे. हल्ली ती पोटभर जेवते.

२२ नोव्हेंबर

देव पावला. नांदेडला माझी विद्यार्थिनी दामिनी मेंदूविकाराची डॉक्टर आहे, तिला फोन केला. तिनं मला बोलू दिलं आणि मग उलट विचारत गेली. एकाच बाजूला ना? त्याच बाजूचा डोळा आणि नाक ना? ठरल्या वेळी ना? पडून राहवत नाही, फिरावंच लागतं ना? मी हो, हो म्हणत गेले आणि रडत गेले. म्हणाली, टीचर, हे बहुधा क्लस्टर हेडेक असावं. पुष्कळांचे दात उगाच जातात, सायनसची औषधं होतात, काहींना तर वेड्यात काढतात. तपासल्याशिवाय नक्की म्हणता यायचं नाही. या वयात पहिल्यांदा आलंय, तर एमआरआय करावाच लागेल, लगेच निघून या. तोवर कळ आली की मास्क लावून जोरात ऑक्सिजन घ्यायचा, अनेकांना काही मिनिटांत आराम पडतो. लातूरहूनच सिलिंडर पाठवायची व्यवस्था करते. दुखणं काही आठवडे, कधी महिने राहतं आणि मग निघून जातं. आणि चालावंसं वाटलं तर चाला, लाजू नका.

त्याला नाव आहे. मी वेडी नाही.

२४ नोव्हेंबर

जेवताना दोघांना सांगितलं. सिलिंडर म्हटल्याबरोबर महादेवीच्या हातातली परात पडली. तो लोखंडाचा मुडदा पुन्हा उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाई, म्हणाली. मला समजलं. म्हटलं, मग उद्याच नांदेडला जाते.

तर तिनं माझे हात धरले. म्हणाली, अक्का, जाऊ नका, तुम्ही आलात तवापासून तो येऊन राहिला. मी विचारलं, कोण. ती म्हणाली, दुपारी जेवून वर जायचा, भोंगा झाला की चालत चालत पाठ करायचा, खिडकीपासनं दारापतूर. तेच पाऊल हाय, आईला कळतंय की.

मी समजावलं, अगं, ती मी चालते. दुखतं म्हणून चालते. ती मान हलवत राहिली, लहान मुलाचं ऐकावं तशी.

२६ नोव्हेंबर

नांदेडला जाणं झालं नाही. रेवणसिद्ध आज नेतो, उद्या नेतो म्हणतो. संध्याकाळी वर आला, पायाशी बसला. माझ्या कडेवर वाढलेलं पोर. म्हणाला, अक्का, चार वर्षांत ती अशी जेवली न्हाई गं. गाणं म्हणायली, भाकरी थापायली. तुला दुखतंय तेवढाच तिचा सुखाचा वेळ. थोडे दिस सोस.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो माझ्या डोळ्याकडे बघत नव्हता.

फोन चार्जिंगला लावते म्हणून महादेवीनं खाली नेला आहे.

२८ नोव्हेंबर

सिलिंडर आला. रिक्षातून उतरवल्याचा ठण्ण आवाज ऐकला. धावले. दाराला बाहेरून कडी.

खाली रेवणसिद्ध सांगत होता, आमच्यात कुणी आजारी न्हाई, पत्ता चुकला. रिक्षा गेली.

मग भोंगा.

खिडकीतून ओरडले. गोदाम. पत्रा. मिलची घरघर. खाली महादेवी गात होती.

ताट दाराखालच्या फटीतून. वीरेशच्या आवडीच्या शेंगापोळ्या. पलीकडून मायेनं म्हणाली, मे महिन्यात परीक्षा हाय. तोवर अभ्यास मोडायचा न्हाई.

मे —

२९ नोव्हेंबर

आज कळ उशिरा आली. भोंगा झाला, मी बसूनच होते. खोली शांत. आणि लगेच जिन्यावर पावलं, कडी निघाली! ती घाबरून आत डोकावली — बाळा, काय झालं? मी उठले, तेवढ्यात डोळ्यामागे — मी चालायला लागले — ती हसली, कडी लागली.

म्हणजे शांतता झाली की ती दार उघडते.

उद्या चालायचं नाही. काही झालं तरी. दार उघडलं की खाली, रस्त्यावर, पहिल्या दिसेल त्या माणसाचा हात धरायचा.

कसं बसणार? दामिनी म्हणाली होती, बसवत नाही —

बसेन.

३० नोव्हेंबर

पाय पलंगाला बांधलेत. जुनी साडी, सुटती गाठ. लिहीत राहायचं. लिहिणाऱ्याला उठता येत नाही.

भोंगा झाला.

आलं. सळई. पाणी. उजव्या डोळ्यानं लिहिते —

हलले नाही. ओठ चावलाय. रक्त. आवाज नाही. खोली शांत. आता येईल. कडी —

वर येत नाही. का —

खालून गाणं. ती गाते आहे. म्हणते, हळू चाल रे राजा, दमशील —

मी चालत नाही. पाय बांधलेले आहेत. बघते आहे, गाठ आहे, दोन्ही पाय —

मग खिडकीपासून दारापर्यंत ही पावलं —