दुसऱ्या टप्प्यातला टँक

धरणावरचे क्वार्टर,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर पोचला. एक बाही लांब आहे. कोणती, ते मी घालताना दर वेळी विसरतो, त्यामुळे आठवण येत राहते.

आता बातमी. धरणाची पातळी पिवळ्या रेघेखाली गेली. ती रेघ मीच मारून घेतली होती, तीन वर्षांपूर्वी, धरण भरून वाहत होतं तेव्हा. त्याच वर्षी मी टंचाई आराखडा लिहिला आणि पाणीपुरवठा समितीने चहा आणि ग्रुप फोटो यांच्या मधल्या वेळात तो एकमताने मंजूर केला. अध्यक्षांनी कव्हरच्या रंगाचं कौतुक केलं. आता कुणीतरी तो उघडून वाचलाय आणि सगळे मला विचारताहेत, हे असं काय लिहून ठेवलंस.

चार टप्पे आहेत. पहिल्यात आम्ही लोकांना विनंती करतो. दुसऱ्यात बागेला पाणी घालणं, गाड्या धुणं आणि स्विमिंग टँक बंद. तिसऱ्यात पाणी दिवसाआड. चौथ्याबद्दल मी घरात बोलत नाही. एक मार्चला दुसरा टप्पा लागेल, म्हणजे तुझा टँक बंद. इतकी वर्षं ताई तिथे लोकांना पोहायला शिकवते, लिहिताना तिचा विचार मनात आला नाही का, असं तू विचारशील. आला होता. म्हणूनच टँक पहिल्या टप्प्यात घातला नाही.

लोभ असावा. त्याला अजून कुठलाही टप्पा लागू नाही.

तुझा
टिल्लू

टँकमागची गल्ली,
९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता आणि मला वाटलं, चांगली बातमी आहे.

माझ्या सकाळच्या बॅचला एक रिटायर्ड पोस्टमन येतात. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा पाय ओढत चालतात, तेही भिंत धरून. पाण्यात मात्र सरळ चालतात, माझा हातसुद्धा लागत नाही. पोहायला शिकायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. उथळ भागात या टोकाहून त्या टोकाला जातात, भिंतीला हात लावतात आणि परत येतात, टपाल टाकून आल्यासारखे. ते कितव्या टप्प्यात बसतात, तेवढं कळव.

दुसरं. आमच्या गल्लीतला रस्ता भर उन्हातही ओला असतो. त्यावर शेवाळ धरलंय. शेजारची शिंपीण परवा तिथे घसरली. पाणी कुणी टाकलं याचा तिला पत्ता लागत नाही, म्हणून तिने तीन घरांशी बोलणं सोडलंय. टिल्लू, ते पाणी तुझं आहे. लोकांच्या बादल्या मोजायच्या आधी आपले पाइप बघा, असं मी जनसुनावणीत उभी राहून सांगणार आहे. आधीच कळवते, नाहीतर म्हणशील, ताईने मागून गाठलं. समोरूनच गाठणार आहे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. जेवणं वेळेवर करा.

तुझी
ताई

पाणीपुरवठा कार्यालय,
२० फेब्रुवारी

महोदया,

जनसुनावणीत आपण उपस्थित केलेल्या मुद्द्याबाबत कळविण्यात येते की, धरणातून सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे तिसरा हिस्सा नळांपर्यंत पोचत नाही, ही बाब कार्यालयास मान्य आहे. आपल्या भागातील गळती शोधण्याचे काम तातडीने हाती घेण्यात येत आहे.

आपला विश्वासू,
नियोजन अधिकारी

(मागच्या बाजूला, हाताने)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या बाजूचं पत्र टायपिस्टने केलं, हे माझं आहे. तू विचारत होतीस आणि मी भर सभेत उभा राहून "हो ताई" म्हणालो. माइक चालू होता. नंतर अध्यक्षांनी विचारलं, त्या बाई कोण. मी म्हटलं, एक नागरिक. ते म्हणाले, नागरिकाचं नाक हुबेहूब तुमच्यासारखं आहे.

दोन दिवस मला तुझा राग आला होता. तिसऱ्या दिवशी आराखडा पुन्हा वाचला. गळतीवर मी अर्धं पान लिहिलंय, त्यातही वरचा भाग शीर्षकाने खाल्लाय. लोकांनी काय सोडावं, यावर मात्र तीस पानं. समितीला तसं सांगितलं. त्यांनी दुसरा टप्पा मार्चअखेरीपर्यंत पुढे ढकललाय, आधी गळती. उद्यापासून आमची माणसं तुझ्या भागात येतील. त्यांना चहा दे, पण सल्ला देऊ नकोस.

टिल्लू

टँकमागची गल्ली,
६ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझी माणसं आली. लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवायची, वरचं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. लोकांना वाटलं, कुणी वारलंय. दोन घरांतली माणसं बाहेर येऊन गप्प उभी राहिली.

ऐकत ऐकत ते गल्लीतून वर आले, टँकच्या फाटकातून आत शिरले आणि खोल भागाच्या काठावर थांबले. तिथे कांडीशिवायच पाण्याचा आवाज येत होता म्हणे. टँक बांधायच्या आधीची जुनी मेन लाइन बरोबर त्याखालून गेलीय आणि तिथेच फुटलीय. दुरुस्त करायचं तर टँक रिकामा करून तळ फोडावा लागेल. मागितलेलं मला मिळालं.

आमचे व्यवस्थापक म्हणाले, कार्यालयाला आपल्या परवानगीशिवाय फोडता येणार नाही, सीझन संपेपर्यंत थांबवू. मग त्यांनी माझं मत विचारलं. टिल्लू, मी काठावर बसून पाण्याकडे बघत होते. वर इतकं स्वच्छ, शांत पाणी आणि खाली शहराचं पाणी जमिनीत चाललेलं. शेवटी म्हटलं, फोडा.

पोस्टमनना मीच सांगितलं. त्यांनी टॉवेलची नीट घडी घातली, पिशवीत ठेवला आणि विचारलं, उद्यापासूनच का. मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली.

शिंपिणीने तीन घरांशी बोलणं सुरू केलंय. आता ती तुझ्याशी बोलणार नाही.

तुझी
ताई

धरणावरचे क्वार्टर,
२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाइन दुरुस्त झाली. दुसऱ्या टप्प्यात सगळं शहर मिळून जेवढं पाणी वाचवेल, जवळजवळ तेवढं त्या एका भोकातून जात होतं. आम्ही धरणावर बसून पातळी बघत होतो आणि पाणी तुझ्या पायाखालून पळत होतं. आता उरलेल्या गल्ल्यांमधली कामं चालू आहेत.

दुसरी गोष्ट सांगायला चार दिवस लावले. पाऊस अजून लांब आहे, म्हणून एक तारखेपासून दुसरा टप्पा लागतोय. अध्यक्षांनी सुचवलं, त्या नागरिक बाईंनी एवढं केलंय, टँकचा तळ बांधून झाला की त्यांना तो खास बाब म्हणून भरू द्या. मी नाही म्हणालो. नियोजन अधिकाऱ्याच्या बहिणीचा टँक काठोकाठ भरलेला दिसला, तर उद्या कोण बाग वाळवेल? तुला न विचारता नाही म्हणालो. विचारलं असतं तर तूही नाहीच म्हणाली असतीस, असं बायको म्हणते. मला तशी खात्री हवी होती, पण विचारायचा धीर झाला नाही.

रागाचं पत्र आलं तरी चालेल. पत्र येऊ दे.

टिल्लू

टँकमागची गल्ली,
१९ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

रागावले नव्हते. रागावले होते, पण तुझं बरोबर असल्यामुळे त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. त्यात तीन आठवडे गेले.

टँकचा तळ नवा झाला. रिकामाच आहे. मी बॅच बंद केलेली नाही. सगळे बाकांवर पालथे पडून हातपाय मारतात. एक बाई बुडायच्या भीतीने कधी पाण्यात उतरत नव्हत्या, त्या आता सगळ्यांच्या पुढे आहेत.

पोस्टमन येत नाहीत. काल त्यांच्या घरी गेले. ते पलंगावर बसले होते. मुलगी म्हणाली, दोनदा पडले, आता उठायलाच तयार नाहीत. त्यांना म्हटलं, खोलीतल्या खोलीत तरी चालू या. ते म्हणाले, बाई, पाण्यात पडलो तर पाणी धरतं, इथे फरशी धरत नाही. मी उठून घरी आले. वाद न घालता, टिल्लू.

मी टँक मागत नाही. फक्त तुला हे माहीत असावं.

तुझी
ताई

पाणीपुरवठा कार्यालय,
२६ एप्रिल

महोदया,

कळविण्यात येते की, आपल्या भागात जलवाहिन्यांची दुरुस्ती झाल्यावर त्या धुवाव्या लागतात. धुण्याचे पाणी आजवर गटारात सोडले जात होते. आराखड्याच्या कलम चौदानुसार हे पाणी वाया न घालवता अन्य उपयोगात आणणे कार्यालयावर बंधनकारक आहे. सदर कलम कार्यालयाच्या आजवर लक्षात आले नव्हते. उपचारांसाठीच्या वापरास कोणत्याही टप्प्यात मनाई नाही. सबब, डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास, आपल्याकडील कमरेएवढ्या शिकाऊ टँकमध्ये हे पाणी सोडण्यास हरकत नाही. पाणी पिण्यायोग्य नाही व दिसण्यासही बरे नाही.

आपला विश्वासू,
नियोजन अधिकारी

(मागे, हाताने)

ताई, कलम चौदा मीच लिहिलं होतं. मोठा टँक रिकामाच राहील. शिकाऊ टँकच्या फाटकावर पाणी कुठलं आहे ते ठळक अक्षरांत लाव. लोक विचारणारच. पाइप धुवायच्या औषधाचा वास जाईपर्यंत काही दिवस कुणाला उतरू देऊ नकोस.

टिल्लू

टँकमागची गल्ली,
११ मे

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पाणी आलं. आमच्या चहापेक्षा दाट आहे. फाटकावर पाटी लावली: 'पाइप धुतलेले पाणी. फक्त उपचारासाठी.' तरी अर्धा मोहल्ला खात्री करायला आला. शिंपिणीने भांड्यात थोडं काढून उजेडात धरलं, वास घेतला आणि जाहीर केलं की हे चोरण्यासारखं नाही. तेव्हापासून कुणाची तक्रार नाही.

पोस्टमनना मुलीने आणि मी रिक्षातून आणलं. मुलीने त्यांना नवी काठी घेतलीय, ती ते शत्रूसारखी धरतात. काठावर बसवून आधी पाय सोडले, मग उतरवलं. पहिले दोन दिवस त्यांनी कठडा सोडला नाही. तिसऱ्या दिवशी कुरकुरले की पाणी इतकं गढूळ आहे, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. मी म्हटलं, बरंच आहे, बघू नका, चाला. ते खूप चिडले. चिडून चालायला लागले आणि समोरच्या भिंतीला हात लावल्यावरच थांबले.

काल बाहेर आल्यावर माझ्याशी वाद घालत होते, की या रंगाच्या पाण्यात आपण आयुष्यात कधी पाय घातला नव्हता आणि हे ते तुला ऐकवणार आहेत. बोलत बोलत बाकापर्यंत गेले, बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काठी तिकडे पायऱ्यांपाशीच राहिलीय.  मग मला म्हणाले, तेवढी आणून द्या.

मी म्हटलं, मला बॅच आहे.

बॅच नव्हती, टिल्लू. मी आत जाऊन दाराआडून बघत उभी राहिले. ते उठले.

तुमच्या दोघांवर लोभ आहेच.

तुझी
ताई