वरच्या खोलीची दुसरी किल्ली

५ जानेवारी, सोमवार. रोहा
कंपनीत तिसरी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळी आले, आडवी झाले. जाग आली ती गॅलरीतल्या बांगड्यांच्या आवाजाने. शालनकाकू, म्हणजे घरमालकीण.

वरच्या टाकीचा कॉक माझ्या गॅलरीत आहे. नळाला पाणी आलं की मोटार लावायची, कॉक उघडायचा. टाकी भरली की बंद करायचा. म्हणजे दोन फेऱ्या, दोन्ही माझ्या पलंगाला वळसा घालून.

"झोप तू, झोप. मी नाय उठवत." हे मोठ्याने.

दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. खोली घेतली तेव्हाच ठरलं होतं. त्यांचं आणि आईचं ठरलं होतं, मी नुसती उभी होते.

७ जानेवारी
पहिल्या शिफ्टहून परत. मोरीत ठेवलेली भांडी घासलेली. दोरीवरचे कपडे घडी करून खुर्चीवर, ओढणीची घडी मी घालत नाही तशी. ओट्यावर झाकलेल्या वाटीत वालाचं बिरडं.

गेलं काय? काही नाही. उलट बिरडं आलं. चव चांगली होती. मुद्दा तो नाही.

लपवण्यासारखं माझ्या खोलीत काही नाही. तरीही.

११ जानेवारी, रविवार. पेण
घरी. आईचे पोह्याच्या पापडांचे डबे मागच्या खोलीच्या माळ्यावर असतात. त्या खोलीत आमची भाडेकरीण राहते. स्नेहा, हॉस्पिटलात नर्स आहे, माझ्याच वयाची. जेवताना आई सांगत होती, स्नेहाने नवा आरसा आणलाय, उशीखाली कुठल्याशा देवीचा फोटो ठेवते, दूध हल्ली घेत नाही.

"तुला कसं कळलं?"
"माळ्यावरचे डबे काढायला जाते ना."
"ती असताना का नाही जात?"
"ती असताना कशाला त्रास द्यायचा तिला?"

भात संपवला.

निघताना आईचं नेहमीचं: "शालनबाई आहेत म्हणून तू तिथे राहतेस, मृणाल. नाहीतर पेणहून जा-ये कर म्हटलं असतं." जा-ये म्हणजे तिन्ही शिफ्ट बंद, फक्त जनरल. जनरलला, म्हणजे नुसत्या दिवसपाळीला, आमच्याकडे माझ्यासारखी इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीची माणसं स्टोअरला बसवतात, सुटे भाग मोजायला. मला प्लांटमध्ये राहायचं आहे. आईला हे कळत नाही. कळलं तरी तिचं उत्तर तेच राहील.

म्हणजे माझी नोकरी शालनकाकूंच्या डोळ्यांवर टिकून आहे.

१५ जानेवारी
कंपनीत रिकाम्या टाकीत उतरायचं तर परमिट लागतं. कोण उतरणार, कशासाठी, किती वाजेपर्यंत, खाली सही. त्याशिवाय मोठे साहेबसुद्धा उतरत नाहीत.

आज काकूंशी बोलले. आवाज चढवला नाही. म्हटलं, मी नसताना खोलीत येऊ नका. कॉकचं काय ते मी बघते.
"माझ्याच घरात मी येऊ नको?"
"घर तुमचंच आहे. खोली भाड्याने दिलीय."
"तुझ्या आदी एक मास्तर राहायचा वर. त्याची बायको माझ्या गॅसवर भाकऱ्या भाजायची, मी तिच्या पोराला न्हाऊ घालायची. दार कोण लावायचं? इथं माणूस ठेवतात गो, खोली नाय देत."
"मला खोली हवी आहे, काकू."
मग म्हणाल्या, "चाय घेतेस?"
घेतला नाही. घ्यायला हवा होता बहुतेक.

१८ जानेवारी, रविवार
खांब गावाला आमच्या शिफ्टमधल्या एकीचा साखरपुडा. परतायला रिक्षा मिळेना. देवेनने बाईकवरून सोडलं. तो पण शिफ्टचाच, कंट्रोल रूमला असतो. काकू फाटकात उभ्या.
"हा कोण?"
"देवेन. माझ्या शिफ्टला आहे."
"जेवलास का रे?"
"हो काकू, साखरपुड्याचंच जेवून आलो."
"मग पाणी तरी पी."
प्यायला. गेला. काकू पुढे काही बोलल्या नाहीत. काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० जानेवारी
आईचा फोन. कशी आहेस, जेवलीस का, आणि मग त्याच आवाजात:
"बाईकवर कोण होतं?"
"शिफ्टमधला."
"बरं."
आईचं 'बरं' म्हणजे विषय संपला नाही.

म्हणजे काकूंनी दोन दिवसही काढले नाहीत.

२५ जानेवारी, रविवार
सुट्टी कारणी लावली. टाकीत फ्लोट स्विच बसवला, वायर पाइपालगत खाली आणून मोटारीच्या स्टार्टरला जोडली. टाकी भरली की मोटार आपोआप बंद, पाणी उतरलं की चालू. खालच्या हौदातही एक टाकला, म्हणजे मोटार कोरडी फिरणार नाही. कॉक कायमचा उघडा. तीनदा टाकी उतरवून तपासलं. तिन्ही वेळा योग्य जागी बंद झाली.

काकू जिन्यात बसून सगळं बघत होत्या.
"आता काय करायचं नाय?"
"काही नाही. तुम्हाला वर यायची गरजच नाही."
"हुशार हायस." हे कौतुक नव्हतं.

मग किल्ली मागितली. कारण सांगितलं: बाईकचं आईला कळवायची काही गरज नव्हती. काकूंनी कमरेचा जुडगा काढला, नखाने कडी उघडायला लागल्या. उघडेना. मी हात पुढे केला तर मागे घेतला. स्वतःच काढली, जिन्याच्या कठड्यावर ठेवली.

"बाईकचं मी काय सांगितलं न् काय नाय, ते विचारलंस नाय तू."
"विचारायचं काय त्यात? आईला कळलंय."
"बरं. आता आईचा फोन आला तर काय सांगू?"
"जे आहे ते सांगा."
"जे हाय तेच सांगेन मग."

२९ जानेवारी
तिसरी शिफ्ट. दिवसभर सलग झोप, इथे आल्यापासून पहिल्यांदा. वस्तू जिथे ठेवल्या तिथेच. ओटा कोरडा.

काकू जिन्यात भेटल्या. बाजूला सरकून वाट दिली, जशी परक्या माणसाला देतात.

३१ जानेवारी, शनिवार
मागच्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती पेंढ्याचा जाळ. वास थेट वर येत होता. आळीतली सगळी जमली होती. गेल्या वर्षी काकू मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या होत्या आणि मी लगेच परत आले होते. या वर्षी कोणी आलं नाही.

तक्रार नाही. नोंद.

३ फेब्रुवारी
आईचा फोन, शिफ्ट सुरू व्हायच्या जरा आधी. आवाज वेगळा.

"शालनबाई म्हणतात मला काही ठाऊक नाही. कधी येते, कधी जाते, जेवते का, काही ठाऊक नाही म्हणे. वर जातच नाही म्हणाल्या. असं कसं?"
"आधी काय सांगायच्या?"
"सगळं सांगायच्या. सातच्या आत घरात असते, दुपारी माझ्याकडेच जेवते, देवाला दिवा लावते."

सातच्या आत मी रात्रपाळी असेल तरच घरात असते, नाहीतर स्टेशनाकडे फिरायला जाते. दिवा मी लावत नाही. दुपारी त्यांच्याकडे एकदाही जेवलेले नाही.

"आणि बाईकचं? ते पण त्यांनीच सांगितलं ना?"
"ते खांबच्या मामाने सांगितलं. हायवेला उभा होता तो. मी शालनबाईंना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, तिचे साहेब आहेत, दोन पोरांचे बाप, पोरीसारखं बघतात तिला."

देवेन सव्वीस वर्षांचा आहे.

फोन ठेवला. शिफ्टला गेले. एक प्रेशर गेज दोनदा चुकीचं वाचलं. असं माझ्याकडून होत नाही.

म्हणजे काकू मला उघडं पाडत नव्हत्या, झाकत होत्या. रोज, न सांगता. आणि मी त्यांना म्हटलं, जे आहे ते सांगा.

८ फेब्रुवारी, रविवार. पेण
स्नेहा खोली सोडून गेली. फेब्रुवारी अर्धाही झाला नव्हता. आई दुपारभर त्याच खोलीत, झाडलेली जागा पुन्हा झाडत.

"काय कमी केलं मी तिला? ताप आला तेव्हा पेज करून दिली. आणि जाताना म्हणते, काकू, मी नसताना माझ्या खोलीत कोणीतरी असायचं. कोणीतरी म्हणे. मी कोणीतरी?"

"माळ्यावरचे डबे दुसरीकडे ठेवायला हवे होते."
"तू तिच्याच बाजूची."
"मी पण भाडेकरूच आहे, आई."
आई केरसुणी टेकवून उभी राहिली. मला वाटलं काही कळलं तिला. मग म्हणाली, "तेच म्हणते. कशाला परक्याच्या घरात? ही खोली रिकामी झालीच आहे. स्वतंत्र दार आहे, तुला हवं तसं लाव."
"आणि माळा?"
"माळा कुठे जातोय? आहे तिथेच राहील."

११ फेब्रुवारी
काकूंकडे खाली गेले. पहिल्यांदाच आपणहून. त्या वाल सोलत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पाट पुढे सरकवला. मीही सोलायला लागले. माझे दाणे तुटत होते.

"बाईकचं मी तुमच्यावर घातलं. चूक झाली माझी."
"हं."
"आईला खोटं का सांगत होता?"
"खोटं कसलं? बिरडं ठेवायची ना वर? मग माझ्याकडेच जेवलीस."
"आणि दोन पोरांचा बाप?"
पहिल्यांदा ओठ हलले. "होईल की कधीतरी."
मग दाणे पाण्यात टाकत म्हणाल्या, "बघितलं ना मी त्याला. गाडी बंद करून बोलला. गाडी चालू ठेवून बोलतात ते पळणारे. तुझी खोली पण बघत होते. पोर जेवते, झोपते, घर नीट ठेवते. तेवढं बघितलं की मग वरचं चार शब्द रचून सांगायला माझी जीभ अडत नाय. आता काय बघतेच नाय, तर कशाच्या जोरावर सांगू? उद्या काय झालं तर तुझ्या आयशीने माझंच नाव घ्यायचं."

मी पुढचा वाल सोलला, तोही तुटला.

किल्ली परत देऊ का, हे विचारायला गेले होते. विचारलं नाही. झोप चांगली लागते आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याचं काय करायचं.

"आई इथे आली तर काय सांगाल?"
"आल्यावर बघू."

१८ फेब्रुवारी
आई: "रविवारी येते. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय, दुपारी फोन केला की निघेल पेणहून. तुझं सामान आहे तरी किती."
"मी हो म्हटलेलं नाही."
"नाही पण म्हटलेलं नाहीस."

शिफ्ट इनचार्जना विचारलं, जनरलला जायचं असेल तर कधीपर्यंत कळवायचं. सोमवारी नवा रोस्टर लागतो, त्याआधी. "का, लग्न ठरलं?" नाही म्हटलं. "मग कशाला जातेस स्टोअरला मरायला?"

कोणालाच काही समजावायची सवय नाही मला. आईला मी आत्तापर्यंत काय काय सांगितलं आहे ते आठवून पाहिलं. ठीक आहे. जेवले. बरी आहे. ठेवते. एवढंच. बाकी सगळं काकू सांगायच्या.

२२ फेब्रुवारी, रविवार
आई सकाळच्या गाडीने आली. पापडांचं पुडकं घेऊन. वर यायच्या आधीच काकूंनी हाताला धरून आत नेलं. मी गॅलरीतून पाहिलं. मागे हटले.

खालचं दार उघडं आहे. त्यामुळे तुटक तुटक ऐकू येतं. आधी पापड, उडदाचे भाव, गुडघे. मग आई स्नेहाचं काढून बसली. काकूंचा आवाज: "म्हणजे तिला न विचारता जायचात?" आई: "तुम्ही नव्हता का जात?" मग कप ठेवल्याचा आवाज.

आई: "मी काय वाईट केलं हो तिचं?"
काकू: "वाईट कुठं कोण करतंय."

नंतर आई हळू बोलली, पण मला कळलं. "खरं सांगा शालनबाई. माझी पोर इथे बरी आहे का? तुम्ही म्हणाल तसं करते. टेम्पोला फोन करायचा राहिलाय."

काकू, चार शब्द रचून सांगा, असं मनात म्हणत होते. बाईक, सात वाजता, दिवा, काहीही.

काकू म्हणाल्या, "मला नका विचारू. वर हाय ती. तिलाच विचारा."

रागाने म्हणाल्या का? आवाजावरून ठरवता आलं नाही.

मग जिन्याखालून आईची हाक. "मृणाल, येऊ का गं वर?"

आईने मला असं आजवर कधी विचारलेलं नाही. पेणला ती दार ढकलून येते. मी म्हटलं, "पाच मिनिटं." हे त्या पाच मिनिटांत लिहिते आहे.

काय सांगायचं? तिसऱ्या शिफ्टला बाहेर अंधार असतो आणि आत सगळे दिवे लागलेले असतात, मला ते आवडतं. देवेन चांगला आहे, पुढचं मला अजून माहीत नाही. दार मी लावते ते तिच्यासाठी नाही आणि काकूंसाठीही नाही. एवढं सांगितलं तरी टेम्पो येईल की नाही, सांगता येत नाही. न सांगितलं तर नक्की येईल.

खाली जिन्याशी चपला काढल्याचा आवाज आला. पायरीचा अजून नाही.