विरोधी बाकावरची वहिनी

रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय भावजी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काठी सोडलीत असं कानावर आलं. बरं झालं. तुम्ही ती टेकायला कमी आणि माणसांवर उगारायला जास्त वापरत होतात.

पत्र अर्धं वाचून बाजूला ठेवाल, म्हणून आधीच सांगते. गुरुवार संध्याकाळच्या आत तुम्ही आमच्याकडे यायला हवं. का, ते ओघात येईलच. यांना न विचारता लिहिते आहे. यांनी बोलवायचं नाही आणि तुम्ही आपणहून यायचं नाही, ही जी काय तुमची शर्यत चालली आहे, ती मी आजपासून बंद करते.

बाकी आमच्याकडे ठीक. यांचा आवाज तेवढा बसलाय. लेक येऊन राहिली आहे, त्यामुळे घरात दोघींचं राज्य आहे आणि हे कुरकुरत का होईना, वेळेवर जेवतात.

यांच्या सभागृहातल्या निरोपाच्या भाषणाचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. ‘ज्येष्ठ नेते भावनाविवश, भाषणात शब्द सुचेनात.’ डोंबलाचे भावनाविवश! नगरपालिकेच्या पाणी समितीवर निवडून आले तेव्हापासून मी या माणसाला बघते आहे. नळवाल्या मिस्त्रीबरोबर खड्ड्यात उतरायचे आणि चिखलाच्या बुटांनी घरभर फिरत मला सांगायचे, कुठल्या गल्लीत पाणी का चढत नाही. मी फडकं घेऊन मागे मागे. पुढे सभागृहात गेले, मंत्री झाले, परदेशातल्या परिषदांना जाऊन आले, पण बोलणं तेच राहिलं. कोणत्या गल्लीत, का, आणि कधीपर्यंत. अशा माणसाला शब्द सुचत नाहीत?

खरं काय झालं ते फक्त मला कळलं. पण त्यासाठी आमच्या घरातली एक गोष्ट तुम्हाला सांगावी लागेल. हसू नका.

गेली कितीतरी वर्षं या घरात तुमचं काम मी करते. यांचं प्रत्येक मोठं भाषण आधी स्वयंपाकघरात होतं. हे दाराशी उभे, मी ओट्याशी वाटाणे सोलत विरोधी बाकावर. तुम्ही कुठे अडवाल, कुठे खोटं खोटं हसाल, कुठे कागद आपटाल, ते सगळं मी करायचं. कागद नसला तर भांड्यावरचं झाकण. हे भाषणात तुमच्यासाठी जागा सोडायचे. “इथे तो उठेल,” म्हणून थांबायचे. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नेमके तिथेच उठायचात! सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बसून मी मनातल्या मनात तुम्हाला शाबासकी द्यायची.

तुमचं सरकार पडल्यावर तुम्ही आमच्या घरी येणं सोडलंत. त्याआधी दिवसभर भांडून संध्याकाळी आमच्याच टेबलावर जेवायचात. पण यांना सभागृहात अडवणं काही सोडलं नाहीत, म्हणून मीही माझं काम सोडलं नाही.

तर निरोपाच्या दिवशी हे उभे राहिले. तुम्ही आला नव्हतात. कारण गुडघा, असं सगळ्यांनी मान्य केलं, मीही करते. भाषण रंगलं, आणि हे म्हणाले, “अध्यक्ष महोदय, पाण्याला पक्ष नसतो.” आणि थांबले.

तिथे तुमची जागा होती, भावजी. सवयीने सोडलेली. सगळे आदराने गप्प बसून राहिले. हे समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. मला ते बघवेना. मी गॅलरीत उठून उभी राहिले आणि ओरडले, “मग तुम्हाला तरी कशाला हवा?”

एक पोरगेलीशी मार्शल धावत आली. “आजी, इथे बोलता येत नाही.” मी म्हटलं, “अगं, मी बोललेच नाही. मी दुसऱ्यांच्या वतीने आले आहे.” तोवर यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, “माननीय सदस्यांनी चांगला प्रश्न विचारला. मला पक्ष हवा, कारण पाण्याला तोंड नाही. कुणीतरी त्याच्या वतीने उभं राहावं लागतं.” बाकं वाजली हो, दोन्ही बाजूंची! मला बाहेर काढलं तेव्हाही ती वाजतच होती. इतक्या अभिमानाने मला आजवर कुठून कुणी बाहेर काढलं नव्हतं.

आता तुमचं सरकार ज्यावर पडलं, त्या विधेयकाचं. यांच्या एका भाषणाने तुमच्या बाजूची माणसं फुटली आणि तुम्ही घरी गेलात. खुर्चीसाठी केलं, असं तुम्ही म्हणालात. खुर्ची दुसऱ्याच दिवशी चालून आली होती, भावजी. यांनी घेतली नाही. मला म्हणाले, “मी विधेयक पाडायला उभा होतो, त्याला पाडायला नव्हे.” मी तेव्हा यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही, मोठ्या बंगल्याची हौस मलाही होती. आज ते वाक्य आठवलं की ऊर भरून येतो. हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगितलं.

आवाज बसलाय असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. घशात गाठ आहे. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. जीव वाचेल, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात. स्वरयंत्र काढावं लागेल. यांनी विचारलं, “म्हणजे गुरुवारपर्यंत बोलता येईल ना?” डॉक्टर हो म्हणाले. “मग तेवढा वेळ तुमच्याशी बोलण्यात घालवत नाही,” असं म्हणून उठले. डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

रेडिओवाले, पेपरवाले रोज दारात येतात. सगळ्यांना परत पाठवतात. आवाज राखून ठेवलाय. परवा न्हाणीघरातून ऐकू आलं, तेच जुनं विधेयक, एकेक मुद्दा, मध्ये मध्ये थांबून. मी बाहेरून तुमच्या आवाजात अडवलं, तर दार किलकिलं करून म्हणाले, “तू राहू दे. तू दरवेळी हरतेस.”

भावजी, तुम्ही हार मानत नाही. या. ऑपरेशननंतर आलात, तर तुम्ही बोलाल आणि हे नुसते ऐकून घेतील. जन्मभर तुम्हाला हेच हवं होतं. पण ते तुम्हाला बघवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी त्या दिवशी घरात मध्ये पडणार नाही. तयारी करून या, हे तुम्हाला सोपं जाऊ देणार नाहीत.

तुमची जागा आता तुमच्याच हवाली करणारी,
वहिनी