आधी पाय खाली सोडा

दि. १९ मार्च

चिरंजीवांस आशीर्वाद.

तब्येत सुधारते आहे. आतड्याचा पीळ काढला, टाके कोरडे आहेत, भूक लागते. एवढं तुला बहिणीकडून कळलंच असेल. हल्ली माझी विचारपूसही तू तिच्याकडेच करतोस.

आता रागाचं लिहितो. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, लगेच उठवून बसवा, चालवा. तू फोनवरून हुकूम सोडलास, "टाके उसवतील, बाबांना हलवू नका." तुझी बहीण घाबरली. नर्स उठवायला आली की ही हात जोडायची. मी पडून राहिलो. पोट फुगून टम्म झालं, छातीत कफ घुरघुरायला लागला. तिकडे तुझी झोप मोडली नसेल.

मग ती आली. गेल्या वर्षी तू जिला सोडलंस ती. छापखान्यातून थेट, नखांत शाई तशीच. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "आता तुझा आमचा काय संबंध?"

"संबंधाचं मागाहून बघू. आधी पाय खाली सोडा, बाबा."

पोटाशी उशी धरायला लावली, खोकायला लावलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तिला नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, "चालता चालता बोला." तिच्या खांद्याला धरून व्हरांड्यात निघालो आणि चारचौघांत माझा अडकलेला वारा सुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र परीक्षेचा निकाल सांगावा तसं, आतडी चालू झाली म्हणून डॉक्टरांना सांगायला गेली.

ती रोज येते हे कळल्यावर तू तिला फोन केलास. "माझ्या बापाच्या आसपास फिरकायचं नाही." तिनं मला काही सांगितलं नाही. पण फोन आला तेव्हा तिचा दुसरा हात माझ्या काखेत होता, मी शब्द न् शब्द ऐकला. फोन ठेवून ती एवढंच म्हणाली, "वळा आता."

तुम्ही वेगळे झालात, तो तुमचा प्रश्न म्हणून मी गप्प बसलो. पण माझ्या वतीनं माणसं तोडायला तुला कुणी सांगितलं?

घरी फोन लावत असशील, कुणी उचलत नसेल. मी तिथे नाही. दवाखान्यातून सोडल्यापासून तिच्या खोलीवर आहे. तुझ्या बहिणीला मीच गप्प राहायला सांगितलं. सकाळी ती छापखान्यात जाण्याआधी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो.

भेटायचं असेल तर इथे ये. दार ती उघडेल. तिच्याशी नीट बोलता आलं, तरच आत ये.

तुझा,
आणि तू काहीही म्हण, तिचाही,
बाबा