ओल्या फडक्याखालचा कॉम्प्युटर

पेण, रामवाडी
३० मार्च १९९८

तीर्थस्वरूप ज्युडिथताईला पेणहून चंद्रावतीचा नमस्कार. (माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी आहेस, पण अकरा वर्षं स्टाफरूममध्ये माझ्यावर डोळे वटारलेस, तेव्हा तीर्थस्वरूप म्हणवून घ्यायचा तुझा हक्क आहे.) तब्येत कशी आहे? नेहमीसारखं 'मी बरी आहे' एवढ्यावर भागवू नकोस. साखर किती, चालायला जातेस की नाही, ते नीट लिही. रूबेनभाऊजींचा गुडघा तिकडे परदेशातल्या कोरड्या हवेत सुधारला का? तुमचा बिनखमिराच्या भाकरीचा सण जवळ आला, त्याच्या शुभेच्छा आताच घेऊन ठेव, टपालाचा भरवसा नाही. इकडे आई ठीक आहे. तिला ऐकू कमी येतं, पण तिच्याबद्दल शेजारच्या खोलीत बोललेलं सगळं ऐकू येतं.

आता शाळेचं. तू शिवणाचा वर्ग सोडून गेल्याला चार वर्षं झाली आणि त्या चार वर्षांत आपल्या व्यवसाय शाळेत नवीन काही आलं असेल तर फक्त पाण्याचा माठ. या जानेवारीत मात्र कॉम्प्युटर आला. हैबतराव सरांनी (ते आता मुख्याध्यापक आहेत, आणि आता तर खुर्चीतूनही उठत नाहीत) त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी कॉम्प्युटरवर उडू नये म्हणून तो व्हरांड्यात फोडला. पुढे जे झालं ते पाहता ही काळजी वायाच गेली म्हणायची. दुसऱ्या दिवशी सरांनी फर्मान वाचून दाखवलं. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विषयाचा एक तरी धडा कॉम्प्युटरवर घ्यायचा, बारा मार्चला अलिबागहून साहेब तो बघायला येणार. आणि जूनपासून कॉम्प्युटरच्या वर्गाला खोली लागणार, ती आहे त्यातलीच एक रिकामी करायची. फिटरच्या आणि शिवणाच्या वर्गाला मुलं भरपूर. राहिले दोन वर्ग, माझा टायपिंगचा आणि दाजींचा मूर्तिकामाचा. ज्याचा धडा साहेबांना आवडेल त्याची खोली राहील. दुसऱ्याने रोह्याच्या शाळेत जायचं, दाजी गेले तर भांडारात आणि मी गेले तर ऑफिसात. म्हणजे सकाळी धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांबरोबर एसटीत उभं राहायचं, आणि नोकरीची उरलेली चौदा वर्षं मला कोणी 'बाई' म्हणायचं नाही. 'ओ मॅडम, एवढं टाइप करून द्या' म्हणायचं.

आणि या सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवायचा कोणी? तर मी. कारण सरांच्या मते कॉम्प्युटरलाही बटणं असतात आणि माझ्या यंत्रांनाही बटणं असतात. त्यासाठी मला धाटावच्या एका कंपनीच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. एका कॉम्प्युटरमागे सहा जण होतो. तीन दिवसांत माझी बोटं त्याला एकूण पाव तास लागली असतील, बाकीचा वेळ मी एका वेल्डिंगवाल्या मास्तरांच्या खांद्यावरून बघत होते. (मास्तर उंच होते.) त्या शिदोरीवर मी पेणला येऊन गुरू झाले, आणि माझा पहिला शिष्य कोण, तर ज्यांच्याशी माझी खोलीवरून चुरस ते दाजी. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं? पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की यांना थोडं कमीच शिकवावं.

पण दाजींना कमी शिकवायची सोयच नव्हती, इतकं कमी त्यांना येत होतं. माणूस तसाच आहे, ताई. सदऱ्यावर शाडूचे डाग, कानावर बांबूची कोरणी, आणि कशालाही हात लावायच्या आधी बोटं पाण्यात बुडवायची सवय. पहिल्या दिवशी ते पाण्याची वाटी घेऊनच कॉम्प्युटरपुढे बसले. ती मी उचलून खिडकीत ठेवली, तर दर दोन मिनिटांनी उठून खिडकीपर्यंत जाऊन बोटं भिजवून येत. माउस हातात दिला तर तो असा अलगद फिरवीत की गणपतीचं पोट गुळगुळीत करताहेत. (दत्तात्रेय फिटरांनी तो जरा अडकतो म्हणून आतल्या गोळीला ग्रीस लावलं, ते काढायला मला माझी यंत्रं पुसायचं सगळं रॉकेल लागलं. तो वेगळा अध्याय आहे.) तरी दाजी चिकाटीचे. मधल्या सुट्टीत डबा न खाता येऊन बसत. आठवडाभरात त्यांनी पडद्यावर गणपती काढायला घेतला. करायला गेलो गणपती नि झाला मारुती हे इतकी वर्षं मी नुसतं ऐकत होते, ते तेव्हा डोळ्यांनी बघितलं, आणि मारुतीसुद्धा अंगानं जरा सुटलेला होता.

एका संध्याकाळी पाच वाजले आणि गणपती सोंडेपर्यंत आला होता. दाजी उठेनात. मी म्हटलं, अर्धं काम तसंच जपून ठेवायचं, उद्या इथूनच पुढे करू. आणि ते आत साठवायचं बटण स्वतःच दाबून, आईचं औषध घ्यायचं होतं म्हणून लगबगीने निघाले. आता तूच सांग, अडतीस वर्षं शाडूत घालवलेल्या माणसाला अर्धं काम उद्यापर्यंत जपून ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे सांगावं लागतं का? दाजींनी चांगलं जाडसर फडकं ओलं केलं, पिळलं, पडद्यावर चारही बाजूंनी नीट गुंडाळलं आणि वरून थोडं पाणीही शिंपडलं. सकाळी झाडायला पुतळीबाई आली ती ओरडतच माझ्याकडे धावली, "बाई, तुमच्या टीव्हीला कोनी आंगोल घातलीया!" मी जाऊन बघते तर फडक्यातून थेंब थेंब गळतंय आणि शेजारी दाजी कौतुकाने उभे. मी काय बोलले ते लिहीत नाही, तू माझं तोंड ओळखतेस. ते एवढंच म्हणाले, "तूच म्हनलीस ना गो, जपून ठेव म्हनून? सुकला असता ना तो!"

रोह्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने पडद्याचा डबा उघडला, आत बघितलं, आमच्याकडे बघितलं. आता खरी गोष्ट सांगते. हैबतराव सर दारात उभे राहून विचारत होते, हे कोणी केलं? मी दाजींचं नाव घेतलं असतं तर माझी खोली त्याच क्षणी पक्की झाली असती. दाजी माझ्यामागे उभे होते, ओल्या फडक्याची घडी हातात धरून. आणि मी सरांना सांगितलं की खाडीची दमट हवा आहे, रात्री खिडकी माझ्याकडून उघडी राहिली. दुरुस्तीवाला देवमाणूस, त्यानेही कागदावर 'दमट हवा' असंच लिहिलं. तीन दिवस तो पडदा पंख्याखाली वाळत ठेवला. चौथ्या दिवशी लावला, तर लागला! आणि गणपती जिथं सोडला होता तिथंच, सोंडेपर्यंत. काम होतं खालच्या डब्यात आणि फडकं होतं वरच्या पडद्यावर, हे मी दाजींना कितीदा समजावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ते आजही प्रत्येकाला सांगतात की ओला ठेवला म्हणून राहिला.

त्यानंतर मात्र मी त्यांना मन लावून शिकवलं. खोटं बोलून वाचवलेला माणूस नापास झालेला बघवत नाही. आणि ताई, त्यांनी काय केलं असेल? एका भागाची हुबेहूब प्रत काढून दुसरीकडे ठेवायची, हे मी त्यांना अर्जातला मायना दोनदा लिहावा लागू नये म्हणून शिकवलं होतं. दाजींनी गणपतीच्या तोंडाएवढा एक चौकोन काढला आणि त्याच्या प्रती एकाखाली एक ठेवीत गेले. तोंड एवढं, तर पोट कुठे संपलं पाहिजे, मांडी कुठे आली पाहिजे, ते सगळं त्या चौकोनांत दिसायला लागलं. जी मुलं वर्षभर मोठ्या डोक्याचे आणि आखूड पायांचे गणपती करीत होती, ती पडद्यापुढे अर्धा तास चौकोन मोजत बसली आणि मग जाऊन नीट मापात माती लावायला लागली. मी दारात उभी राहून बघत होते. मला खूप आनंद झाला, आणि आपली खोली गेली हेही तेव्हाच कळलं.

बारा तारखेला तसंच झालं. साहेब दाजींच्या धड्याला अर्धा तास बसले, स्वतः चौकोन ठेवून बघितले, फोटो काढून घेतला. मग माझ्याकडे आले. मीही काही कमी नाही हं, मी जीव तोडून धडा घेतला. खोडरबराशिवाय चूक कशी सुधारायची, एकच पत्र दहा नावांनी कसं काढायचं, समास एका झटक्यात कसा बदलायचा. साहेब खूश झाले आणि भिंतीकडेच्या माझ्या चौदा यंत्रांकडे बघून अगदी सरळपणे म्हणाले, बाई, हे सगळं यावर होतं तर मग ही यंत्रं कशाला ठेवायची? आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचं काम मी इतकं नीटनेटकं केलं की पुतळीबाईनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. एकवीस तारखेला हुकूम आला. टायपिंग बंद, मूर्तिकाम चालू, चंद्रावतीबाई जूनपासून रोह्याला. (कॉम्प्युटर शिकवायला पदविका झालेला माणूस येणार आहे. माझं प्रमाणपत्र तीन दिवसांचं.)

तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी ठीक आहे. रोहा काही परदेश नाही, आणि पूल ओलांडला की तुझं अष्टमी. शुक्रवारी सुटल्यावर जाऊन तुझ्या माहेरच्या घराला बाहेरून बघून येत जाईन आणि तुला कळवत जाईन की अंगणातलं रामफळ अजून आहे की नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, म्हणजे तिला माहीत आहे. पोहे आणि पापड कोणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते. सर्वांना माझी आठवण सांग आणि थंडीत कान बांधून फिर.

तुझ्या ओरड्याला मुकलेली,
चंद्रावती

ता. क. : वर 'मी ठीक आहे' लिहिलंय ते खरं नाही. खोलीत एकटी असले की मी यंत्रांवरची आच्छादनं काढते आणि पुन्हा घालते.

ता. क. २ : पत्र बंद करणार होते, पण ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. हुकूम आल्यापासून दाजी मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरवर एका बोटाने काहीतरी टाइप करीत होते आणि मी जवळ गेले की पडद्याला पाठ लावून बसत. गेल्या आठवड्यात मी त्यातली 'गणपती २' नावाची फाइल उघडली. मला वाटलं, दुसरा गणपती काढलाय. तो अर्ज निघाला. दोन वर्षं आधी स्वखुशीने निवृत्ती द्यावी आणि मूर्तिकामाची खोली कॉम्प्युटरला द्यावी, असा. खाली कारण दिलंय : 'पेणमध्ये मूर्ती शिकवायला गल्लोगल्ली कारखाने आहेत. सरकारी टायपिंगची परीक्षा अजून यंत्रावरच होते आणि ते शिकवायला आमच्याकडे चंद्रावतीबाई एकच आहेत.' सवयीने मी आधी चुका शोधल्या. एकही नाही, ताई. समाससुद्धा मी सांगितला तेवढाच सोडलेला. लपवत नाही, दोन मिनिटं मला फार बरं वाटलं. मग मात्र रडू आवरेना. मला माझी खोली हवी आहे, पण दाजींची देऊन नको.

ता. क. ३ : तर विनंती अशी की तू त्यांना पत्र लिही. ते कोणाचं ऐकत नाहीत, पण तुझ्या एका वाक्यावर त्यांनी तंबाखू सोडली होती. तसंच एखादं वाक्य काढ. अर्ज एप्रिलअखेरपर्यंत गेला तरच उपयोगाचा, तेवढे दिवस अडवायला हवेत. मी वाचलाय हे मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. ४ : कॉम्प्युटरबरोबर आलेलं छापायचं यंत्र एकट्या मलाच चालवता येतं. दाजी रोज एक कोरा कागद घेऊन येतात, म्हणतात, "येक कागद छापायचा हाय, पन तू बघायचा नाय." मी म्हटलं, इतकी घाई असेल तर हाताने लिहून द्या. तर म्हणाले, "मग तू शिकवलंस ते काय फुकट गेला?" मी सांगून टाकलंय की शाई संपली आहे. यंत्रात शाई भरपूर आहे.

ता. क. ५ : आज सकाळी दाजींनी घरी काजळी खलून बाटलीभर शाई करून आणली. रंग सुरेख उतरलाय, मूर्तीचे डोळे लिहायला असतो तसा. ही शाई यंत्राला चालते का, ते रोह्याहून माणूस येऊन बघेल, असं मी त्यांना सांगितलंय. माणसाला अजून बोलावलेलं नाही.